ज्या गावाला दाखवायचं नव्हतं

मार्सेल तुस्कानोच्या हाताला वसईकडच्या बोळिंजच्या आसपासची माणसं भीत. तसा तो साधा वाडीवाला. पानवेल, केळी, थोडी फुलं. सकाळी रहाटाला रेडा जुंपायचा, बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, गोडं पाणी पाटाला लावायचं, रविवारी मिस्सा ऐकायची, असं चारचौघांसारखं त्याचं आयुष्य. पण अंगात बळ त्या रेड्याचं आणि डोकं फटाक्याचं. विशीत पाण्याच्या पाळीवरून त्यानं एकाचे पुढचे दात पाडले होते. एका सणाला देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, आवारात दोन दारुडे पोरींच्या वाटेत आडवे येत होते, त्यांना त्यानं एकमेकांवर असं आपटलं की त्यातल्या एकाचा खांदा पुन्हा कधी नीट वर उचलला गेला नाही.

बळ बापाकडून आलं होतं आणि माराची सवयही बापाकडूनच. बाप रहाटाच्या दोरानं मारायचा, शाळेत मास्तर छडीनं. चौथीत असताना मार्सेलनं मास्तरांच्या हातातली छडी हिसकावून गुडघ्यावर मोडली, आणि तिथंच त्याचं शिक्षण संपलं.

पॉलिननं लग्नाआधी एकच अट घातली होती. "घरात हात उचलायचा नाही. माझ्यावर नाही, पोरांवर नाही." ती त्यानं पाळली. दोन मुलगे झाले, त्यांना त्याचा हात फक्त डोक्यावरून फिरलेला ठाऊक. लोक म्हणायचे, पॉलिननं वाघाला माणसाळवलं.

त्याचं गाव कोंडेआळी. बोळिंजच्या खालच्या अंगाला, सगळ्या वाड्याच वाड्या. वाड्या संपल्या की मातीचा लांबलचक बांध, आणि बांधापलीकडं मिठागरांच्या कडेला खाजणपाडा. कोंडेआळीत कॅथलिक होते, वाडवळ होते. खाजणपाड्यात मिठागरात राबणारी घरं. येणंजाणं पिढ्यांचं. इकडून केळ्यांचे घड जात, तिकडून मीठ आणि चिंबोऱ्या येत. मार्सेलचा रेडा एकदा खाजणाच्या चिखलात पोटापर्यंत रुतला, तेव्हा तुळशीदास भोईरनं गळ्याइतक्या चिखलात उतरून त्याच्या पोटाखालून फळ्या सरकवल्या होत्या. तेव्हापासून तुळशीदास त्याला 'मार्सू' म्हणे, आणि तसं म्हणणारा तो एकटाच होता.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर मुंबईच्या एका शिक्षण-संशोधन संस्थेची जीप कोंडेआळीच्या शाळेसमोर थांबली. तिच्यातून डॉक्टर सबनीस उतरले, त्यांची मदतनीस प्रेमला कोतवाल उतरली, आणि गाद्यांमध्ये गुंडाळलेला टीव्ही उतरला. गावात तेव्हा कोणाकडेच टीव्ही नव्हता. शाळेच्या कौलांवर अँटेना चढली तशी अर्धं गाव मान वर करून उभं राहिलं.

सबनीसांनी शाळेच्या ओसरीवर गावाला सगळं समजावून सांगितलं. माणूस गोड बोलणारा. "दोन शाळा घेतल्यात. तुमची आणि खाजणपाड्याची. मुलांचे मार्क सारखे, शाळा सारख्याच मोडक्या." लोक हसले. "तुमच्याकडे टीव्हीवरून धडे, तिकडे नुसता खडू-फळा. दीड वर्षानं दोन्हीकडे एकच परीक्षा. म्हणजे कळेल की टीव्हीनं मूल खरंच शिकतं का. हे कळलं तर उद्या सबंध महाराष्ट्राच्या मुलांचं भलं आहे."

"पण खाजणपाड्याला टीव्ही कधी देणार?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्यांना नाही. त्यांना नाही, म्हणून तर तुम्हाला आहे!"

यावर लोक आणखी जोरात हसले. मार्सेलही हसला. दोन रोपांपैकी एकाला खत घालायचं, दुसऱ्याला नाही, मग दोन्हीकडे बघायचं. वाडीवाल्याला हे पटण्यासारखंच होतं. प्रेमला तेवढी हसली नाही. ती एवढंच म्हणाली, "सर, खाजणपाड्यालाही जाऊन सांगायला हवं ना, काय करतोय ते?"

"सांगितलं तर मुलं बिथरतात, मोजमाप बिघडतं," सबनीस म्हणाले. खाजणपाड्यात सांगायला कोणी गेलं नाही. तिथल्या पोरांची फक्त परीक्षा घेतली. कशासाठी, ते कोणीच सांगितलं नाही.

टीव्हीची राखण करायला, धड्याच्या वेळी दाराशी उभं राहायला एक माणूस हवा होता. सबनीसांनी गावाला विचारलं, "लोक ज्याला भितात असा कोण आहे?" सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. मार्सेलला खाकी शर्ट मिळाला, शिट्टी मिळाली. ज्या शाळेनं त्याला चौथीत हाकललं तिच्या दाराची किल्ली त्याच्या कमरेला आली. त्याची दोन्ही पोरं आत पहिल्या रांगेत बसत. छाती फुगणारच.

खाजणपाड्याची शाळा सकाळची. दुपारी ती पोरं मोकळी असत, आणि धडे नेमके दुपारचे. पहिल्याच आठवड्यात ती बांधावरून पळत आली आणि खिडक्यांना मुंगळ्यासारखी लटकली. मार्सेलनं काही म्हटलं नाही. पोरं बघताहेत तर बघू देत. तुळशीदासची जिजा त्यांत पुढं असायची. अकरा वर्षांची, काटकुळी, खिडकीच्या गजांतून तोंड आत घालून ती धडा मोठ्यानं म्हणायची. परत जाताना तिच्याभोवती बाकीच्या पोरांचं कोंडाळं असायचं, ज्यांना खिडकी मिळाली नाही त्यांना ती बांधावर उभी राहून सगळा धडा पुन्हा सांगायची.

पहिली चाचणी झाली आणि सबनीस मुंबईहून भडकून आले. खाजणपाड्याच्या पोरांचेही मार्क वाढले होते.

"हे कसं झालं? तुम्हाला इथं कशाला ठेवलंय, मार्सेल? तिकडचं एक पोर जरी आत बघत असेल तर माझं वर्ष मातीत गेलं!"

"पोरं आहेत, साहेब. बघतात."

"बघायची नाहीत. जमत नसेल तर सांगा, दुसरा माणूस बघतो."

खिडक्यांवर फळ्या ठोकल्या गेल्या. मार्सेलनं चिंचेचा ओला फोक तोडून आणला. आधी तो नुसता हवेत फिरवायचा. पोरं मागं सरत, पुन्हा येत, फळ्यांच्या फटींना डोळे लावत. मग एक दिवस त्यानं फोक एकाच्या पोटरीवर ओढला. पोरगं किंचाळलं, बाकीची पांगली, आणि मार्सेलच्या हाताला एकदम जुनी ओळख पटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी दोघांना झोडलं, तिसऱ्या दिवशी मोजलंही नाही. पाठीवर वळ घेऊन पोरं घरी जात आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा येत. ती परत येतात याचाच त्याला राग यायचा. घरी गेल्यावर पॉलिन त्याच्या हाताकडे बघायची. "ही कोणाची पोरं आहेत?" तिनं एकदा विचारलं. "कोणाची का असेनात," तो म्हणाला, "घरातली नाहीत."

मोठ्यांचं बघून कोंडेआळीची पोरं शिकली. आपण निवडलेले आणि ते टाकलेले, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. ती बेचक्या घेऊन बांधावर बसू लागली. खाजणपाड्याच्या एका पोराला त्यांनी धरून बावखलात बुडवलं, नाकातोंडात पाणी जाऊन तो निळा पडला तेव्हा सोडलं. तिकडून दगड आले. शाळेच्या ओसरीवर कोंडेआळीतल्या एका मुलीचं कपाळ फुटलं. प्रेमला तिला कवेत घेऊन डॉक्टरकडे धावली, साडीचा पदर रक्तानं भिजलेला. त्याच दिवशी ती सबनीसांशी भांडली. मार्सेल दारातच उभा होता, सगळं ऐकत.

"सर, ही मुलं टीव्ही यायच्या आधी एकत्र चिंबोऱ्या धरायला जायची. हे आपण केलंय."

"गावात मारामाऱ्या होतच असतात. आपला विषय शिक्षणाचा आहे, प्रेमला. हे त्याच्या बाहेरचं."

"बाहेर कसं? दार आपण लावलंय!"

"वर्षभराचाच प्रश्न आहे," सबनीस म्हणाले, आणि टीव्हीची बटणं फिरवू लागले.

तुळशीदासही आला होता एकदा, भर दुपारी, अंगावर मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले. "मार्सू, माझे पोरीच्या पाठीवर तुझे वळ हायेत."

"तिला पाठवू नकोस."

"तिला बघायचाय. बघून तुमचा काय सांडतो? एका डब्याला दोन डोल्यांनी काय कमी होनार हाय?"

"साहेबांचा नियम आहे."

"साहेब उद्या जाईल. तू न् मी हितंच मरनार." तो थुंकला आणि निघून गेला. मार्सेलला वाटलं, त्याला हाक मारावी. पण आतून सबनीस बघत होते. त्यानं हाक मारली नाही.

एकोणऐंशीच्या मार्च महिन्यात धडा आला मिठाचा. समुद्राचं पाणी आगरात कसं घेतात, ऊन कसं त्याचं मीठ करतं, ते टीव्हीवर दाखवणार होते. ही बातमी खाजणपाड्यात पोचायला वेळ लागला नाही. कोणीतरी पिल्लूही सोडलं की आपल्याच मिठागराचं चित्र काढून नेलंय, त्यात तुळशीदास दिसणार आहे.

त्या दुपारी फटींशी पोरांची झुंबड उडाली. मार्सेलचा फोक सपासप चालला होता. त्याच गडबडीत जिजा कोंडेआळीच्या मुलींच्या रांगेत शिरली. केसांना कोणाची तरी रिबीन बांधून, मान खाली घालून ती उंबऱ्यापर्यंत पोचली. मार्सेलनं तिला दंडाला धरून बाहेर खेचलं. तिनं चौकट धरली.

"काका, माझा बापूस दिसनार हाय! एकदाच बघू दे!"

"सोड चौकट!"

"मार्सेल, दार लावा!" आतून सबनीस ओरडले. "सुरू झालं!"

शाळेचं दार जुन्या सागाचं, कडेला लोखंडी पट्टी मारलेलं. मार्सेलनं एका हातानं पोरीला मागं लोटलं आणि दुसऱ्या हातानं दार सगळ्या जोरानिशी ओढलं. दार लागलं नाही. मध्ये काहीतरी आलं. त्यानं पुन्हा ओढलं.

मग जी किंकाळी उठली ती बांधापलीकडं ऐकू गेली. जिजाच्या उजव्या हाताची बोटं पट्टीखाली होती. दार उघडलं तेव्हा दोन बोटं नुसत्या कातड्याला लोंबत होती. ती खाली कोसळली. मार्सेल तिच्याकडे बघत उभा राहिला. आत धडा चालूच होता. टीव्हीवरची बाई शांत आवाजात सांगत होती की पाणी आटलं की मिठाचे खडे तळाशी बसतात. कोणी टीव्ही बंद केला नाही, कारण धड्यानंतर लगेच चाचणी होती. प्रेमला मात्र मुलांना ओलांडून बाहेर आली, तिनं पदर फाडून पोरीच्या हाताला आवळला आणि मार्सेलकडे बघून ओरडली, "उभे काय राहिलात! जीप काढायला सांगा!"

जीप जिजाला घेऊन वसईकडे गेली. धूळ खाली बसते न बसते तोच खाजणपाडा बांधावर आला.

पन्नासेक माणसं असतील. हातात कोयते, फावडी, मीठ ओढायची लाकडी दाताळी. सबनीस टीव्ही उचलून आतल्या खोलीत पळाले आणि त्यांनी कडी लावली. कोंडेआळीचे पुरुषही वाड्यांतून धावत आले होते. त्यांत मार्सेलचा धाकटा भाऊ पास्कल होता, हातात केळी तोडायचा कोयता घेऊन. मार्सेलला सांगायचं होतं की चूक माझी आहे, मला घ्या, बाकीच्यांना जाऊ द्या. ते वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. पण तुळशीदासनं फावडं त्याच्या खांद्यावर हाणलं आणि मार्सेलचा हात त्याला न विचारताच उठला. पहिल्या गुद्द्यात तुळशीदासचं नाक फुटलं. दुसऱ्या गुद्द्यात जबड्याचं हाड मोडलं. कोरडं लाकूड मोडावं तसा तो आवाज मार्सेलनं स्वतःच्या मुठीत ऐकला. तरी हात थांबला नाही. तुळशीदास खाली पडल्यावरही तो त्याच्या छातीवर बसून मारत राहिला. मागून दोघांनी ओढलं तेव्हा तो उठला. आणि उठून बघतो तर पास्कल शाळेच्या पायरीवर बसला होता, दोन्ही हातांनी मान धरून, आणि बोटांमधून रक्त उसळत होतं.

"मार्सेल," तो म्हणाला, "पाणी दे रे."

पाणी येईपर्यंत तो गेला.

पुढचं सगळं त्याच संध्याकाळी घडलं. कोंडेआळीच्या माणसांनी पास्कलचं प्रेत देवळात नेलं आणि तिथून ती तडक रॉकेलचे डबे घेऊन खाजणपाड्यात घुसली. पेंढ्याच्या उडव्या पेटल्या, मग झोपड्या. बायका पोरांना काखोटीला मारून मिठागरात पळाल्या. तुळशीदासची म्हातारी आई आत राहिली होती. तिला बाहेर काढलं तेव्हा तिची पाठ भाजून निघाली होती. याला उत्तर म्हणून खाजणपाड्याच्या माणसांनी बांधाची उघाडी फोडली. खाडीचं पाणी अडवणारं ते लाकडी फाटक. उधाणाची भरती होती. खारं पाणी फेसाळत वाड्यांत शिरलं, पाटांतून धावलं, बावखलांत उतरलं. पानवेली आठवड्याभरात काळ्या पडल्या. केळी उभ्या उभ्या सुकल्या. बावखलातले मासे पोटं वर करून तरंगू लागले.

मार्सेलला वाडी मरताना बघायला मिळालं नाही. तो तोवर पोलीस कोठडीत होता. जागा कमी म्हणून दोन्ही गावच्या माणसांना एकाच खोलीत कोंबलं होतं. हवालदारानं मधोमध खडूची रेघ ओढली आणि सांगितलं, जो रेघ ओलांडेल त्याला सोलून काढीन. रेघेपलीकडं, भिंतीला टेकून तुळशीदास बसलेला. जबडा फडक्यानं डोक्याशी बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला.

"तुळशा," मार्सेल म्हणाला, "मला दिसलं नाही रे. दारात तिचा हात आहे हे दिसलं नाही."

तुळशीदासला बोलता येत नव्हतं. तो भिंतीला हात टेकत उठला, रेघ ओलांडून आला, आणि तोंडात साचलेलं सगळं रक्त मार्सेलच्या तोंडावर थुंकला. मग त्यानं दोन बोटं वर केली. एकदा नव्हे, दार दोनदा ओढलंस.

मार्सेलनं तोंड पुसलं नाही. हवालदार दांडकं घेऊन आत आला आणि तुळशीदासला मारायला लागला, तेव्हा मार्सेल मध्ये पडला आणि ते दांडकं त्यानं पाठीवर घेतलं. तुळशीदासनं त्याचे उपकार मानले नाहीत. तो परत भिंतीशी जाऊन बसला आणि त्यानं तोंड फिरवलं.

जामिनावर सुटल्यावर मार्सेल भावाच्या थडग्यावर गेला आणि तिथून थेट मुंबईला. संस्थेची इमारत त्यानं विचारत विचारत शोधली. सबनीस आपल्या खोलीत होते, प्रेमलाही तिथंच होती.

"साहेब, कोर्टात या," मार्सेल म्हणाला. "दार लावायला तुम्ही सांगितलं, एवढंच सांगा. शिक्षा मी भोगतो. आणि पोरीचा हात बरा करा. तिच्या बापाचं घर जळलंय."

"मार्सेल, मला वाईट वाटतं," सबनीस म्हणाले. "पण मी दार लावा म्हटलं होतं. हात तोडा म्हटलं नव्हतं. पोलिसांचा प्रश्न आहे हा. संस्थेचा यात संबंध नाही."

मार्सेलनं टेबलावरून हात घालून त्यांची मान धरली. सबनीस खुर्चीतून उचलले गेले, चष्मा पडला, पाय हवेत धडपडले. चेहरा लाल झाला, मग जांभळा. प्रेमला पुढं आली नाही, ओरडलीही नाही. ती म्हणाली, "मार्सेलभाऊ, हे मेले तर सगळं तुमच्याच माथी जाईल, आणि जिजाच्या हाताचं नाव कोणी काढणार नाही. सोडा. मी येते कोर्टात."

त्यानं सोडलं, पण जाता जाता एक थप्पड दिलीच. सबनीसांचा कानाचा पडदा फाटला. शिपायांनी मार्सेलला जिन्यातच धरलं.

प्रेमला खरंच कोर्टात आली. वकिलानं तिला उलटं सुलटं केलं. तुम्हालाही याच कामाचा पगार मिळत होता ना? मग गप्प का बसलात? तिनं सांगितलं, "मिळत होता. बोलले, पण पुरेसं बोलले नाही." कोर्टाच्या दृष्टीनं दार लावायला सांगणं हा गुन्हा नव्हता. मार्सेलला गावातल्या आणि मुंबईतल्या अशा दोन्ही प्रकरणांची मिळून तीन वर्षं झाली. पास्कलला मारणारा तुळशीदासचा चुलतभाऊ होता, त्याला जन्मठेप झाली. झोपड्या कोणी जाळल्या हे मात्र कोणालाच सिद्ध करता आलं नाही.

संस्थेतर्फे सबनीसांचं काम छापून आलं. टीव्हीनं मुलांचे मार्क वाढतात असं त्यात सिद्ध झालं होतं, आणि स्थानिक अडचणींमुळे अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला असं शेवटी लिहिलं होतं. प्रेमलानं संशोधकांच्या सभेत उभं राहून त्या स्थानिक अडचणींची नावं घेतली. पास्कल तुस्कानो, जिजा भोईर, भाजून मेलेली तिची आजी. काही लोक उठून गेले. काही बसले आणि त्यांनी तिला प्रश्न विचारले. तिची नोकरी गेली. पण वर्षभरानं त्याच संस्थेनं ठरवलं की ज्या गावावर प्रयोग करायचा त्या गावाला आधी विचारायचं, आणि ज्याला काही दिलं नाही त्याला प्रयोग संपल्यावर तेच द्यायचं. जिजाच्या शस्त्रक्रियेचा खर्चही उशिरा का होईना संस्थेनं उचलला. बोटं परत येणार नव्हतीच. प्रेमलाला खाजणपाड्याच्या शाळेत टीव्ही बसवून द्यायचा होता. पाड्यानं तो गावाच्या वेशीवरूनच परत पाठवला. मग ती स्वतः यायची, शनिवारी. जिजाला डाव्या हातानं लिहायला तिनंच बसवलं.

मार्सेल सुटून आला तेव्हा वाडीच्या जमिनीवर अजून पांढरा थर होता. त्यानं दोन पावसाळे ती धुतली, पण पानवेल लागली नाही. मग तो सातिवलीला नव्यानं उभ्या राहिलेल्या गोदामांत माल चढवायला जाऊ लागला. सुट्टीच्या दिवशी तो फावडं घेऊन बांधावर जायचा आणि फुटलेल्या उघाडीशी एकटाच माती टाकत बसायचा. एकदा तो जिजाला बघायला खाजणपाड्यात गेला. तिची आई मथुरा चुलीतलं जळतं लाकूड घेऊन बाहेर आली आणि तिनं ते त्याच्या छातीवर टेकवलं. शर्ट जळला, कातडी जळली. तो मागं सरला नाही. तिलाच शेवटी लाकूड टाकावं लागलं. "पुन्हा आलास तर तोंडात घालीन," ती म्हणाली. तो पुन्हा गेला नाही.

शहाऐंशी साली त्याला बांधावर गाठलं ते सहा-सात तरण्या पोरांनी. त्यानं ज्यांना फोकानं झोडलं होतं तीच ती, आता मिसरूड फुटलेली. एकाच्या हातात सायकलची साखळी होती. मार्सेलच्या हातात फावडं होतं, आणि पंचेचाळिशीतही तो त्यांच्यातल्या चौघांना लोळवू शकला असता. त्यानं फावडं चिखलात टाकलं. साखळी तोंडावर बसली, गाल फाटला. मग लाथा. बरगड्या मोडल्या, गुडघा उलटा वळला. तो ओरडला, कण्हला, पण हात त्यानं पोटाशी घट्ट धरून ठेवले, जणू दुसऱ्याचे हात आपण पकडून ठेवलेत.

"पुरे!"

जिजा होती. अठरा-एकोणीस वर्षांची, पाड्यातल्या बालवाडीत शिकवायला लागली होती ती. पोरं थांबेनात तेव्हा तिनं साखळीवाल्याच्या कानाखाली डाव्या हाताची सणसणीत वाजवली.

"तुझ्यासाठीच मारतो हाव ना!" तो चिडून म्हणाला. "तुझे हाताचा बदला!"

"माझा हात हाय. माझे हाताच्या नावानं कोनी कोनाला मारायचा नाय." मग ती मार्सेलकडे वळली. तो चिखलात पालथा पडला होता, एका डोळ्यानं तिच्याकडे बघत. "मी तुमाला माफ नाय केला, काका. तसा समजू नका." आणि पोरांना म्हणाली, "उचला. कोंडेआलीला घरी टाकून या."

पोरांनी त्याला उचललं. ज्यांनी मारलं त्यांनीच.

पॉलिननं दारात नवऱ्याची अवस्था बघितली. त्याला खाटेवर घातलं, डॉक्टरला बोलावणं धाडलं, आणि पायात चपलाही न घालता बांधावरून खाजणपाड्यात गेली. भोईरांच्या अंगणात उभी राहून तिनं जे तोंड सोडलं ते सगळ्या पाड्यानं ऐकलं. पास्कलचं नाव घेऊन, जळालेल्या वेलींचं नाव घेऊन, तुरुंगातल्या वर्षांचं नाव घेऊन ती ओरडली. मथुरा बाहेर आली आणि तितक्याच मोठ्यानं ओरडू लागली. पोरीची बोटं, नवऱ्याचा वाकडा जबडा, भाजून मेलेली सासू. तुळशीदास ओटीवर बसून ऐकत होता. त्याला अजूनही नीट चावता येत नसे. दोघी बायका आवाज बसेपर्यंत भांडल्या. कोणीच दुसरीचं काही खोडून काढलं नाही, कारण सगळंच खरं होतं.

शेवटी पॉलिन तिथंच अंगणात बसली. मथुराही ओटीच्या कडेला टेकली.

"लागलाय का लय?" मथुरानं विचारलं.

"बरगड्या मोडल्यात. गुडघा गेलाय."

मथुरा आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. ती पॉलिनच्या समोर जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही. "हाडवैद वालिवच्या वाटंवर राहतो," ती म्हणाली. "माझ्या धन्याचा जबडा त्यानंच बांधलेला. उद्या बाजाराला जाईन तवा निरोप टाकीन."

मार्सेलचा गुडघा धरला तो कायमचा. गोदामाचं काम सुटलं. पोलिसात त्यानं तक्रार केली नाही, पॉलिनला तसं करू दिलं नाही, त्यावरून ती त्याच्याशी महिनाभर धड बोलली नाही. पुढं तो काठी टेकत बांधापर्यंत जायचा, माती टाकणं त्याला जमत नव्हतं, तरी जायचा. तुळशीदास तिकडून मिठागराकडे जाताना दिसायचा. कधी थांबायचा, कधी नाही. 'मार्सू' अशी हाक त्यानं पुन्हा मारली नाही. पण एका पावसाळ्याआधी उघाडीच्या नव्या फळ्या बसवायच्या होत्या, तेव्हा फळी धरून त्यानं खालून वर बघून विचारलं, "तिकडून सरल दिसते का?" आणि मार्सेल म्हणाला, "डावीकडं थोडी उचल."